ताईनं उघडलं

आमच्या आयसीयूत दोन ताई होत्या. एक चांगुणाताई, आमच्या इन्चार्ज सिस्टर. दुसरी ताई म्हणजे कॉम्प्युटरचं लॉगिन. पहिलीला आम्ही अहो-जाहो करायचो, दुसरीला अगं-तुगं. ताई आल्या म्हणजे चहाचे कप लपवायचे, ताई आली म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला. एवढा साधा फरक. वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत कुणाची त्यात कधी गफलत झाली नाही. बाहेरच्या माणसांना मात्र तो समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला आणि उपयोग शून्य. म्हणून लिहितोय. लिहूनही काही होणार नाही, हे मला माहीत आहे.

मी कल्याण. नर्स आहे. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. नातेवाईक आधी डॉक्टर समजून हात जोडतात आणि मी बेडपॅन उचलला की जोडलेले हात खाली घेतात. आमचा दवाखाना नगरहून पाथर्डीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, एका ट्रस्टचा. नाव सांगत नाही. अजून तिथंच नोकरी करतो.

कॉम्प्युटर बसवायला माणूस आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, वॉर्डाचं नाव काय टाकू? चांगुणाताई एका पेशंटच्या उशाशी गुंतलेल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, ताईंचंच टाका. त्यानं नुसतं ‘ताई’ टाकलं. पुढं प्रत्येकाला वेगळं लॉगिन मिळालं, पासवर्ड कुणाला सांगणार नाही म्हणून प्रत्येकानं सही केली, आणि सही करून आल्यावर प्रत्येकानं पुन्हा ताईच लावली. आम्ही काही मुद्दाम वाकड्यात शिरणारी माणसं नाही. स्वतःचं लॉगिन उघडायचं तर हातमोजे काढा, नाव टाका, पासवर्ड टाका, मग मोबाईलवर ओटीपी येतो तो टाका. मोबाईल आत न्यायची बंदी, तो लॉकरमध्ये. एवढं करून जरा बाजूला झालात की स्क्रीन बंद, पुन्हा पहिले पाढे. तोवर पेशंटनं काय करायचं? श्वास धरून बसायचं? ताई जुनी, तिला ओटीपी लागायचा नाही. सकाळी जो पहिला येईल तो ताई लावायचा आणि दिवसभर ती चालू राहायची, देवाजवळच्या दिव्यासारखी.

मग बोलणंही तसंच पडलं. ताई लाव. ताईनं औषध मागव. ताई झोपली, हलव तिला. चांगुणाताईंना त्याची गंमत वाटायची. “माजं नाव काय कुनी असं दिवसभर घेत न्हाई,” म्हणायच्या, “नवऱ्यानं बी न्हाई घेतलं.”

या बोलण्यानं एकदा घोटाळा झाला होता. शेवगावकडच्या कोण्या खेड्यातल्या झुंबरबाई त्यांच्या मोठ्या बहिणीला घेऊन आल्या होत्या. बहीण पडद्यामागं, झुंबरबाई दाराशी. तेवढ्यात लाईट गेली-आली आणि कॉम्प्युटर बंद पडला. अश्विनी सिस्टर आतून ओरडली, “ताई गेली रे!” झुंबरबाईंनी जो टाहो फोडला, तो खालच्या मेडिकलपर्यंत ऐकू गेला. चांगुणाताई धावत बाहेर आल्या, त्यांना पोटाशी धरलं आणि आत नेऊन जिवंत बहीण दाखवली. झुंबरबाई डोळे पुसत म्हणाल्या, “मंग गेली कोन?” आम्ही दिवसभर हसत होतो. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

पंकजा आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. पुण्याच्या एका कॉलेजात तिचं संशोधन चाललं होतं. दवाखान्यातली माणसं एकमेकांशी कसं काम करतात आणि कॉम्प्युटर सुरक्षित ठेवायचे नियम का मोडतात, असा विषय. पहिल्या दिवशी आम्ही सगळे शिस्तीत. प्रत्येकजण आपापल्या लॉगिननं काम करतोय, ओटीपीसाठी लॉकरकडं पळतोय, पेशंट बेल वाजवतायत. असा तमाशा किती चालणार? दुपारच्या आत सूर्यभान नावाचा एक ऊसतोड कामगार आला. सीझन संपवून घरी परतला आणि अंगणात झोपला असताना मण्यार चावली. पापण्या मिटलेल्या, श्वास तुटत चाललेला. डॉ. ओंकार औषधाचं नाव आणि मात्रा बोलले. अश्विनी हवेचा फुगा दाबत होती, मी शीर शोधत होतो, चांगुणाताई नळी धरून उभ्या होत्या. कॉम्प्युटरवर मागणी पडल्याशिवाय खालून औषध येत नाही. कुणीतरी ताई लावली, कुणीतरी मागणी टाकली, औषध आलं. सूर्यभान जगला. मागणी कुणी टाकली, हे मला आजही सांगता येणार नाही.

पंकजा भिंतीला टेकून बघत होती. नंतर म्हणाली, “तुम्ही एकमेकांना काही विचारलंच नाहीत.”

“इच्यारायला येळ कुटं हुता?” चांगुणाताई म्हणाल्या. “त्याची बायकू मंगळसूत्र धरून बाहेर बसली हुती ना.”

त्या दिवसापासून आम्ही तिच्याशी खरं बोलायला लागलो. मुलगी चांगली होती, खोटं कशाला सांगू. डब्यातलं खायची, कुणाला नावं ठेवायची नाही. कुणाचंही नाव लिहिणार नाही, असं तिनं प्रत्येकाला वचन दिलं आणि ते पाळलंही. आमचा घात त्या वचनानंच केला.

ती अजून येत होती तेव्हाच एका सकाळी सगळे कॉम्प्युटर बंद सापडले. स्क्रीनवर इंग्रजी मजकूर: तुमच्या फायलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा. पेशंटचे रिपोर्ट, जुने आजार, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं आत अडकलं. आम्ही जुन्या सवयीनं कागदावर आलो. चांगुणाताईंनी प्रत्येक खाटेला पुठ्ठा बांधला आणि प्रत्येक नातेवाईकाला नव्यानं सगळं विचारून त्यावर लिहून घेतलं. त्या सगळ्या दिवसांत आमच्या वॉर्डात एकही चुकीची गोळी गेली नाही. याचा उल्लेख पुढं कुणी केला नाही.

ट्रस्टनं पुण्याहून कॉम्प्युटरच्या सुरक्षेची माणसं बोलावली. त्यांनी शोधून काढलं की कुलूप एका मेलमधून आलं. ‘विम्याचा क्लेम नामंजूर, कारण सोबत जोडले आहे,’ असा तो मेल. असले मेल आम्हाला रोज येतात. उघडून उत्तर दिलं नाही तर पेशंटला घरी सोडता येत नाही आणि नातेवाईक आमच्या अंगावर येतात. मेल दुपारी उघडला होता, आयसीयूतल्या कॉम्प्युटरवर, ताईनं. वॉर्डातल्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच कुलपात अडकलेलं. म्हणजे कोण बसलं होतं, हे कळायचा मार्गच बंद.

आम्ही सगळ्यांनी आठवून पाहिलं. अश्विनीला वाटायचं, आपण असू. डॉ. ओंकारांना वाटायचं, आपण असू. मी तर रोज असे मेल उघडतो. त्या दुपारी उघडला का? डोळे मिटून बघितलं तर हातमोज्यातली माझी बोटं दिसायची, पण ती बोटं रोजचीच असतात. सगळे दिवस एकमेकांत मिसळून गेलेले. पंकजा शेवटच्या वेळी आली तेव्हा तिनंही विचारलं, मेल कसा उघडला गेला? जो तो एकच सांगत होता, ताईनं उघडलं. म्हणजे चावीनं कुलूप उघडलं, तसं. तिला ते बरोबर कळलं. ती आमच्यात राहिलेली होती.

मग चौकशी बसली आणि चांगुणाताईंना नोटीस आली. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती, आणि नर्स म्हणून त्यांची नोंदणी काढून घ्यावी असंही ट्रस्ट वर कळवणार होता. नोंदणी गेली की दुसऱ्या कुठल्या दवाखान्याचं दारही बंद. पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्या गावातून दिवाळीनंतर अर्धी माणसं उसावर जातात. चांगुणाताईंचं लहानपण कारखान्याच्या खोपीत गेलं. तिथून त्या नर्सिंगच्या कोर्सला कशा पोचल्या, ते त्या कधी सांगायच्या नाहीत. त्यांची आई भागूबाई मात्र एसटीत शेजारी बसलेल्या कुणालाही सांगायची, “माजी लेक सिस्टर हाय नगरला.” हे सगळं त्या एका मेलवर आलं होतं.

आम्ही काय गप्प बसलो होतो का? सगळे मिळून विश्वस्तांकडं गेलो. चौकशीचे प्रमुख बिभीषणराव, ट्रस्टचे जुने विश्वस्त, शांत माणूस, आवाज कधी चढवत नाही. आम्ही सांगितलं, साहेब, ताई आम्ही सगळेच लावत होतो. चांगुणाताईंना धरायचं तर आम्हालाही धरा. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी मागवलं.

“सगळ्यांना धरलं तर आयसीयू कोण चालवणार?” ते म्हणाले. “आणि कुणालाच धरलं नाही, तर मी विमा कंपनीला काय सांगू?”

आम्ही पाणी पिऊन परत आलो.

सुनावणीच्या दिवशी वॉर्डातर्फे बोलायला मला चांगुणाताईंबरोबर आत घेतलं. लांब टेबल, एसी, समोर बिभीषणराव आणि पुण्याहून आलेला सुरक्षा कंपनीचा एक माणूस. टेबलावर पंकजाचा अहवाल होता. दवाखान्यात संशोधन करायची परवानगीच या अटीवर मिळाली होती, की अहवाल ट्रस्टला द्यायचा. पण तो तिचा मराठी अहवाल नव्हता. कंपनीला समजावा म्हणून ट्रस्टनं करून घेतलेलं इंग्रजी होतं. त्या माणसानं बोट ठेवून वाचलं, “द मेल वॉज ओपन्ड बाय ताई. सगळ्या कर्मचाऱ्यांनी हेच सांगितलंय.”

आमची नावं त्यात कुठंच नव्हती. एक परिचारिका, एक डॉक्टर, एक कर्मचारी. अख्ख्या अहवालात एकच नाव राहिलं होतं आणि ते पंकजानं ठेवलं, कारण ते नाव नव्हतंच. तिनं खाली टीप दिली होती, ताई म्हणजे वॉर्डाचं सामायिक लॉगिन. इंग्रजी करताना टिपा गाळल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पंकजानं बिभीषणरावांना दोनदा मेल केला, स्वतः येऊन बाहेर बाकावर बसली. अनोळखी मेल उघडायला आता सगळ्यांना मनाई होती. आणि बाकावरून तिला कुणी आत बोलावलं नाही.

मी म्हणालो, “साहेब, हे भाषांतर चुकलंय. ही ताई म्हणजे लॉगिन आहे.”

“कशावरून?”

“आम्ही चांगुणाताईंबद्दल बोलताना ‘ताईनं’ असं कधीच म्हणणार नाही. ‘ताईंनी’ म्हणणार. त्या आमच्या इन्चार्ज आहेत. मूळ मराठीत बघा, सगळीकडं ‘ताईनं’ आहे. चावीनं उघडलं म्हणतो, तसं.”

बिभीषणरावांनी चष्मा काढला. ते नगरचेच, माझं म्हणणं त्यांना कळलं होतं, हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. क्षणभर मला आशाही वाटली. तेवढ्यात त्यांनी चांगुणाताईंकडं पाहिलं.

“बाई, तुमच्या गावाकडं मोठ्या बहिणीबद्दल कसं बोलतात? ताईनं केलं, का ताईंनी केलं?”

चांगुणाताई पांढऱ्या साडीत, हात पुढं बांधून उभ्या होत्या. “ताईनं केलं,” त्या म्हणाल्या.

“आणि वॉर्डात ताई कुणाला म्हणतात?”

“मला.”

“साहेब, दोघींनाही...” मी सुरुवात केली.

“तुम्हाला विचारलेलं नाही, ब्रदर.” आवाज अजूनही चढला नव्हता. “बरं, चावीच समजू. चावी कुणाची होती?”

चांगुणाताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पेशंट हाताबाहेर गेला की डॉक्टरांनी फुगा दाबणं थांबवायला सांगायच्या आधी त्या जशा बघायच्या, तसं. कंपनीच्या माणसानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि सुनावणी संपली.

बाहेर बाकावर पंकजा रडत होती. तिच्यावर ओरडायचं, असं मी जिना उतरताना ठरवलं होतं. जवळ गेलो तर ओरडवेना. तिनं ताई हा शब्द बदलला असता तर तो अहवाल खोटा झाला असता. नाही बदलला, तर हे झालं. मी तिच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघं समोरच्या पार्किंगकडं बघत राहिलो.

आता ताई बंद आहे. प्रत्येकाला आपलं लॉगिन, मोबाईल आत न्यायची परवानगी. आता आम्ही कुणी कुणाच्या स्क्रीनला हात लावत नाही. परवा एका बाईचा रक्तदाब पडत होता, डॉ. ओंकारांनी औषध सांगितलं आणि अश्विनीनं सवयीनं म्हटलं, “ताई लाव.” आम्ही जागच्या जागी थिजलो. मग ज्याचा त्याचा मोबाईल बाहेर निघाला. ती बाई वाचली, पण औषध यायला वेळ लागला. पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. हे मी लेखी कळवलं. पोच मिळाली.

नोकरी गेल्यापासून चांगुणाताई गावीच आहेत. गेल्या रविवारी पाथर्डीच्या एसटीनं त्यांच्या गावाला गेलो. फाट्यावर उतरून चालत गेलो. भागूबाई दारात बसली होती. मी नाव सांगितलं तर म्हणाली, “दवाखान्यातला हायेस व्हय? बस.” पूर्वी दवाखान्यात आली की ती माझा हात हातात घ्यायची. चांगुणाताई पडवीत बाजरी निवडत होत्या. साध्या पातळात त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकाची खुशाली विचारली. सूर्यभान मुद्दाम येऊन शेळीचं दूध देऊन गेला म्हणाल्या. मग सूप खाली ठेवलं.

“कल्याण, त्या दुपारी तू हुतास का रे कॉम्प्युटरवर?”

एसटीत मी याच प्रश्नाची भीती बाळगत आलो होतो. “माहीत नाही, ताई.”

“आश्विनी बी आशीच म्हनली. डाक्टर बी.” त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. “एकानं तरी व्हय म्हना. मला त्येचं काई करायचं न्हाई. पन रातभर कुनाचं तरी त्वांड डोळ्यापुढं आनायला तर पायजे. कुनाचंच येत न्हाई.”

मला ते सोसवेना. मी म्हणालो, “मीच होतो, ताई. मी उघडलं.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि हलकेच हसल्या. “तू खाली आक्सिजनचा शिलिंडर आनायला गेल्तास. म्याच धाडलं हुतं. आश्विनी पडद्याआड पेशंटचं आंग पुसत हुती. डाक्टर जेवायला. समद्यांला जागच्या जागी ठिवून बघितलं म्या, कितींदा तरी. कॉम्प्युटरपाशी कुनीच बसत न्हाई.”

“मग?”

भागूबाईनं आतून विचारलं, च्यात साखर टाकू का. चांगुणाताईंनी टाक म्हणून सांगितलं. सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचता वेचता, मान वर न करता म्हणाल्या,

“ताईनंच उघडलं आसंल.”

दोघींपैकी कुठल्या ताईबद्दल त्या बोलत होत्या, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. चहा आला, तो मी प्यायलो.